लघुग्रहाला नाव कसं मिळतं? ‘कृष्णामाई’ आकाशात न्यायची असेल तर

प्रश्न वाळवा तालुक्यातल्या एका शाळेच्या विज्ञान शिक्षकांचा आहे. आठवी-नववीच्या मुलांनी लघुग्रह शोध मोहिमेत भाग घेतला. हवाई बेटांवरच्या दुर्बिणीनं टिपलेल्या प्रतिमा शाळेच्या संगणकावर तपासल्या, एक सरकणारा ठिपका नोंदवला, आणि आता ‘तात्पुरता शोध’ असं लिहिलेलं प्रमाणपत्र हातात आलं आहे. गावात सत्कार झाला, बातमीही छापून आली. सरांना तीन गोष्टी हव्या आहेत. नाव आत्ता देता येईल का? कुणाचं द्यावं, कृष्णेचं, गावाचं की संस्थेच्या संस्थापकांचं? आणि एक संकेतस्थळ पैसे घेऊन नाव नोंदवून देतो म्हणतं, त्यात काही तथ्य आहे का?

सर, आधी मुलांचं मनापासून अभिनंदन. त्यांनी केलेलं काम खरं आहे, खेळण्यातलं नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देतो: लघुग्रहाच्या नावाला एक रुपयाही लागत नाही, आणि पैसे घेऊन कुणी नाव देऊ शकत नाही. पहिल्याचं उत्तर ‘आत्ता नाही’. नावाआधी क्रमांक लागतो, क्रमांकाआधी पक्की कक्षा लागते, आणि कक्षा पक्की व्हायला वर्षं जातात. हा क्रम उलटा करता येत नाही. मधल्या काळात शाळेनं करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे.

प्रमाणपत्रावरच्या संकेतनावापासून सुरुवात करू. एक वर्ष, दोन रोमन अक्षरं आणि बहुधा एक आकडा असं त्याचं रूप असतं. ते वाटेल तसं पडलेलं नसतं. पहिलं अक्षर पंधरवडा सांगतं. ‘ए’ म्हणजे १ ते १५ जानेवारी, ‘बी’ म्हणजे १६ ते ३१ जानेवारी, असं करत ‘वाय’ म्हणजे १६ ते ३१ डिसेंबर. वर्षाचे चोवीस पंधरवडे, म्हणून चोवीस अक्षरं. ‘आय’ हे अक्षर एकच्या आकड्यासारखं दिसतं म्हणून गाळलेलं आहे, आणि ‘झेड’ची गरज पडत नाही. दुसरं अक्षर त्या पंधरवड्यातला अनुक्रम सांगतं. इथेही ‘आय’ नाही, त्यामुळे ‘ए’ ते ‘झेड’ पंचवीस अक्षरं. पंचवीस संपली की पुन्हा ‘ए’पासून सुरू करून पुढे १ लावतात, पुढच्या फेरीला २. म्हणजे शेवटचा आकडा किती फेऱ्या पूर्ण झाल्या ते सांगतो.

फळ्यावर करून दाखवायला चांगलं उदाहरण पंडित जसराज यांच्या लघुग्रहाचं. त्याचं संकेतनाव ‘२००६ व्हीपी ३२’. ‘व्ही’ म्हणजे १ ते १५ नोव्हेंबर. ‘पी’ हे ‘आय’ गाळून मोजलं तर पंधरावं अक्षर. बत्तीस फेऱ्यांचे ३२ × २५ = ८००, त्यात १५ मिळवले की ८१५. म्हणजे नोव्हेंबर २००६ च्या पहिल्या पंधरवड्यात नोंदलेला तो ८१५ वा पिंड. पृथ्वीजवळून जाणारा म्हणून गाजलेला अपोफिस आधी ‘२००४ एमएन ४’ होता. मुलांना तो सोडवू द्या. ‘एम’ जूनचा दुसरा पंधरवडा, आणि क्रम ४ × २५ + १३ = ११३. मग त्यांचं स्वतःचं संकेतनाव सोडवायला सांगा. एका पंधरवड्यात जगभरात किती नोंदी होतात याचा अंदाज त्यांना स्वतःच्या हातानं येईल.

हे संकेतनाव मिळायलाही अट असते, आणि पुष्कळ शाळांची गाडी इथेच अडते. ठिपका एकाच रात्री दिसला असेल तर संकेतनाव मिळत नाही. अशा एकट्या नोंदी जगभरातल्या लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या, अमेरिकेतल्या केंब्रिज इथल्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या वेगळ्या फायलीत जाऊन पडतात आणि कुणी जोडी जुळवीपर्यंत तिथेच राहतात. जवळच्याच दुसऱ्या एखाद्या रात्री तोच पिंड अपेक्षित जागी सापडला, तरच नोंद पुढे सरकते. मुलांनी पाठवलेला पहिला अहवाल म्हणजे अर्धं काम असतं. उरलेलं अर्धं बहुतेक वेळा त्याच मोठ्या दुर्बिणीच्या नेहमीच्या फेऱ्यांमधून होतं.

अहवाल का नाकारले जातात हेही सांगतो, कारण पुढच्या तुकडीला त्याचा उपयोग होईल. सगळ्यात जास्त चुका कॅमेऱ्यातल्या गोंगाटाला लघुग्रह समजण्यातून होतात. मुलं चार प्रतिमा एकामागून एक उघडझाप करून पाहतात. खरा लघुग्रह चारही प्रतिमांत सरळ रेषेत आणि वेळेच्या प्रमाणात सारख्या अंतरानं सरकतो. तीन ठिपके रेषेत आणि चौथा जरासा बाजूला असेल तर तो सोडून द्यायचा. तेजस्वितेची प्रत एका प्रतिमेतून दुसऱ्या प्रतिमेत एक-दीडनं उड्या मारत असेल तरी सोडायचा. ठिपक्याची जाडी शेजारच्या ताऱ्यांएवढी हवी. ताऱ्यापेक्षा खूप बारीक, टोकदार ठिपका दिसला तर तो बहुधा एखाद्या बिघडलेल्या पिक्सेलचा किंवा वैश्विक किरणाचा असतो. आणि ज्ञात लघुग्रहांची यादी प्रतिमेवर चढवून पाहिल्याशिवाय ‘नवा’ हा शब्द काढायचाच नाही. ‘अ‍ॅस्ट्रोमेट्रिका’ या प्रतिमा तपासायच्या संगणक प्रणालीत ही सोय आहे, पण त्या दिवशीची ताजी यादी उतरवून घेतलेली नसेल तर जुनाच लघुग्रह नवा म्हणून पाठवला जातो.

आता वर्षं का लागतात ते पाहू. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला लघुग्रह पृथ्वीवरून नीट दिसतो तो प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे आपण सूर्य आणि तो यांच्या मधोमध असतो तेव्हा. अशी वेळ साधारण सव्वा ते दीड वर्षांनी येते. एका प्रतियुतीतल्या काही आठवड्यांच्या निरीक्षणांवरून काढलेली कक्षा कच्ची असते. दोन-तीन वर्षांनी लघुग्रह कुठे असेल हे ती सांगू शकत नाही. क्रमांक देण्यासाठी साधारणपणे चार किंवा जास्त प्रतियुतींमधली निरीक्षणं लागतात. पृथ्वीजवळून जाणाऱ्यांची कक्षा लवकर पक्की होते, तिथे कमी चालतात. चार प्रतियुती म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी पाचेक वर्षं, आणि एखाद्या वेळी पिंड आकाशगंगेच्या दाट तारकांच्या पट्ट्यात हरवला किंवा फार मंद झाला की सात-आठ. जुन्या छायाचित्रांत तो आधीच टिपलेला सापडला, तर मात्र एकदम काही वर्षांची बचत होते.

क्रमांकासाठी एवढा कडकपणा कशाला, याचं उत्तर व्हिएन्नाच्या योहान पालिसा यांच्या दोन लघुग्रहांत आहे. १८८५ मध्ये त्यांना एक लघुग्रह सापडला. पुढच्या वर्षीच्या सूर्यग्रहणाच्या मोहिमेला पैसे हवे होते, म्हणून त्यांनी नाव देण्याचा हक्क ५० पौंडांना विकायला काढला. आल्बर्ट फॉन रोथशिल्ड या धनिकानं तो घेतला आणि पत्नीचं नाव दिलं. तो ‘२५० बेटिना’. पुढे १९११ मध्ये पालिसांना आणखी एक सापडला, त्याला याच रोथशिल्डचं नाव मिळालं, ‘७१९ आल्बर्ट’. क्रमांक मिळाला, नाव मिळालं, आणि लघुग्रह हरवला. निरीक्षणं अपुरी होती, कक्षा कच्ची होती. तो पुन्हा सापडला २००० साली, ८९ वर्षांनी. तोपर्यंत यादीत नाव होतं आणि आकाशात त्या नावाचं काही दाखवता येत नव्हतं. ‘३३० अ‍ॅडलबर्टा’ची गोष्ट तर त्याहून बिकट. १८९२ मध्ये लघुग्रह म्हणून नोंदलेले ठिपके प्रत्यक्षात तारे होते हे १९८२ मध्ये ध्यानात आलं, आणि तो क्रमांक व ते नाव दुसऱ्याच लघुग्रहाला द्यावं लागलं. आज कक्षा पक्की झाल्याशिवाय नाव नाही, यामागे हा अनुभव आहे. तुमच्या मुलांना वाट पाहायला लावण्यात कुणाचा हट्ट नाही. त्यांनी दिलेलं नाव हरवू नये एवढाच त्याचा हेतू.

आता एक नाजूक गोष्ट, आणि ही मुलांना आत्ताच सांगून ठेवा. शोधक कोण, हे क्रमांक देताना ठरतं, आज नाही. कक्षा पक्की होत जाते तशी जुनी निरीक्षणं तिच्याशी जुळवली जातात. समजा, तुमचा पिंड काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एखाद्या वेधशाळेनं दोन रात्री नोंदवून संकेतनाव मिळवलेला होता आणि मग तो सुटला होता, असं निघालं. तेव्हा दोन्ही नोंदी एक होतात आणि शोधाचं श्रेय त्या वेधशाळेकडे जाऊ शकतं. २०१० पासूनचा नियम असा: ज्या प्रतियुतीत दुसऱ्या रात्रीचं निरीक्षण सर्वांत आधी कळवलं गेलं, तिथला निरीक्षक शोधक. यातला ‘कळवलं’ हा शब्द महत्त्वाचा आहे. छायाचित्राच्या कुठल्या तरी जुन्या काचेवर तो चाळीस वर्षांपूर्वी उमटला होता आणि आज कुणी मोजला, तर त्यानं तुमचं श्रेय जात नाही. एकाच रात्रीच्या जुन्या नोंदीनंही जात नाही. आधी कळवलेल्या दोन रात्रींनी मात्र जातं. म्हणून शाळेच्या फलकावर ‘आमच्या शाळेनं शोधलेला लघुग्रह’ असं रंगवायची घाई नको. ‘तात्पुरता शोध’ हे प्रमाणपत्रावरचे शब्द जसेच्या तसे ठेवा. त्या शब्दांत कमीपणा काहीच नाही.

क्रमांक मिळाला की शोधकाला नाव सुचवण्यासाठी दहा वर्षांचा हक्क असतो. तुमच्या मोहिमेसारख्या उपक्रमांत हा प्रस्ताव संयोजकांशी बोलूनच पाठवायचा. निर्णय आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या लघुपिंड नामकरण कार्यगटाचा असतो. त्यातले खगोलशास्त्रज्ञ प्रत्येक नाव आणि त्यासोबतचं टिपण तपासून मत देतात. मंजूर नावं त्यांच्या बुलेटिनमध्ये छापली जातात. हे बुलेटिन २०२१ पासून निघतं, त्याआधी नावं मायनर प्लॅनेट सेंटरच्या परिपत्रकांत यायची. बुलेटिनमध्ये छापून येईपर्यंत नाव अधिकृत नसतं, आणि तोपर्यंत ते पत्रकारांना सांगू नये. घाईची गरजही नाही. क्रमांक मिळालेले लघुग्रह सात लाखांच्या वर आहेत आणि नाव असलेले पंचवीस हजारांच्या आसपास, म्हणजे शंभरात साधारण तीन. बाकीचे नुसत्या आकड्यावर शांतपणे फिरत आहेत.

नावाचे सर्वसाधारण नियम थोडे आहेत, पण आपल्या भागातली नावं घेऊन तपासले तर नेमके कळतात. नाव रोमन लिपीत जास्तीत जास्त सोळा अक्षरांचं, मधली मोकळी जागा आणि चिन्हं धरून. शक्यतो एकच शब्द. कुठल्या तरी भाषेत उच्चारता येईल असं. कुणाला अपमानास्पद नको. आधीच्या एखाद्या लघुग्रहाच्या किंवा ग्रहाच्या उपग्रहाच्या नावाशी फार मिळतंजुळतं नको. नुसत्या व्यापारी स्वरूपाचं नको. पाळीव प्राण्याचं शक्यतो नको. आणि राजकारण किंवा लष्करी कामगिरी यासाठी मुख्यतः ओळखली जाणारी व्यक्ती वा घटना असेल तर मृत्यूला किंवा घटनेला शंभर वर्षं झालेली हवीत.

हा शेवटचा नियम सातारा-सांगलीकरांना सगळ्यात जड जातो. क्रांतिसिंह नाना पाटील यांचं नाव कुठल्याही मुलाच्या ओठावर आधी येईल. येडेमच्छिंद्र वाळवा तालुक्यातलंच. पण ते ६ डिसेंबर १९७६ ला गेले. त्यांची ओळख प्रतिसरकारच्या लढ्याची, म्हणजे राजकीय. तेव्हा त्यांचं नाव डिसेंबर २०७६ आधी विचारात घेतलं जाणार नाही. शिवाय ‘क्रांतिसिंह नाना पाटील’ हे पूर्ण रूप रोमन लिपीत मोकळ्या जागा धरून एकवीस-बावीस अक्षरांचं होतं. यशवंतराव चव्हाण २५ नोव्हेंबर १९८४ ला गेले. तिथे २०८४ उजाडेल. यात त्यांचा मोठेपणा नाकारलेला नाही. जगातल्या प्रत्येक देशाच्या पुढाऱ्याला हीच अट आहे, आणि मला ती योग्य वाटते, कारण आकाशातलं नाव निवडणुकीच्या वाऱ्यानं बदलता येत नाही. एकदा छापलेलं नाव परत घेतलं जात नाही, फार तर स्पेलिंगची चूक दुरुस्त होते.

तुमच्या संस्थापकांचं नावही याच कसोटीवर तपासा. आपल्याकडे शिक्षणसंस्था काढणारे बरेच जण आमदार, खासदार किंवा कारखान्याचे अध्यक्षही होते. त्यांची मुख्य ओळख कशासाठी आहे हे टिपणावरून दिसलं पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटलांचं उदाहरण स्वच्छ आहे. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, आयुष्य शिक्षणात गेलं. ‘भाऊरावपाटील’ जोडून लिहिलं तर रोमनमध्ये बारा अक्षरं, आरामात बसतं. सावित्रीबाई फुले यांचं जन्मगाव नायगाव सातारा जिल्ह्यातलं. त्यांचं नाव मधली मोकळी जागा धरून नेमकं सोळा भरतं, जोडून लिहिलं तर पंधरा. सांगलीत १८४३ मध्ये मराठी नाटक उभं करणारे विष्णुदास भावे जोडून चौदा, नागठाण्यात जन्मलेले बालगंधर्व बारा. साखर कारखाना, बँक, दूध संघ, कार्यक्रमाचा खर्च उचलणारा दुकानदार यांची नावं मात्र बाजूला ठेवा. आणि कुणी मूल शर्यतीच्या बैलाचं नाव सुचवलं, तर त्याला प्रेमानं सांगा की एका शोधकानं मांजराचं नाव दिल्यावर १९८५ पासून पाळीव प्राण्यांची नावं टाळायचं ठरलं.

जिवंत माणसाचं नाव चालतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. विश्वनाथन आनंद यांचा ‘४५३८ विशीआनंद’ जपानमध्ये १९८८ साली सापडलेला, नाव मिळालं २०१५ मध्ये. पूर्ण नाव लांबतं म्हणून ते असं आटोपशीर केलं. कल्पना चावला यांचा ‘५१८२६ कल्पनाचावला’ आणि केरळचे उल्काशास्त्रज्ञ अश्विन शेखर यांचा ‘३३९२८ अश्विनशेखर’ ही नावं जोडून लिहिलेली आहेत. नाव आणि आडनाव एका शब्दात जोडायची ही पद्धत फार वापरली जाते. त्यानं एका शब्दाचा नियमही पाळला जातो आणि नुसतं आडनाव आधीच घेतलेलं असण्याचा धोकाही टळतो. पंडित जसराजांच्या लघुग्रहाचा क्रमांक आहे ३००१२८. त्यांचा जन्म २८ जानेवारी १९३० चा. आकडे जोडीनं उलटे वाचा: २८, ०१, ३०. नावाला शोभेल असा क्रमांक असलेला, बिननावाचा लघुग्रह निवडून दिलेलं ते नाव आहे. शोध २००६ चा, नाव २०१९ मध्ये.

भारताचा या यादीशी संबंध जुना आहे. १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेत नॉर्मन पॉगसन यांना सापडलेला लघुग्रह हा आशिया खंडातून सापडलेला पहिला, म्हणून त्याचं नावच ‘६७ एशिया’. तेव्हाची पद्धत ग्रीक-रोमन देवींची होती: १८०१ च्या पहिल्या दिवशी पियाझ्झींना सापडलेली सीरीस ही धान्याची देवी, मग पॅलस, जुनो, व्हेस्टा. पियाझ्झींनी सीरीसला राजा फर्डिनांडचं नावही जोडलं होतं. ते इतर देशांतल्या खगोलशास्त्रज्ञांनी उचललं नाही, गळून गेलं. देवी संपत आल्या तशी शहरं, खंड, माणसं आली. कावलूरच्या वेधशाळेतून १९८८ मध्ये सापडलेल्याला ‘४१३० रामानुजन’ नाव मिळालं. विष्णू रेड्डी यांनी २००२ मध्ये शोधलेला ‘७८११८ भारत’ तर हौशी निरीक्षकाच्या कष्टाचं फळ.

आता थोडं गुंतागुंतीचं. काही जातीच्या लघुग्रहांना वेगळे नियम आहेत, आणि तुमचा पिंड कुठल्या जातीचा हे आधी कळायला हवं. पट्ट्यातला असेल, आणि अशा मोहिमांत बहुतेक पट्ट्यातलेच असतात, तर वर सांगितलेलं सगळं मोकळं आहे. पृथ्वीजवळून जाणारा असेल तर नाव पुराणकथेतलं लागतं, म्हणूनच ‘४०३४ विष्णू’. नेपच्यूनपलीकडच्या बऱ्याच पिंडांना सृष्टीच्या निर्मितीशी जोडलेल्या देवतांची नावं देतात. ‘२०००० वरुण’ त्यातला. गुरूच्या कक्षेत त्याच्या साठ अंश पुढे आणि साठ अंश मागे चालणारे ते ट्रोजन. पुढच्यांना ट्रॉयच्या युद्धातल्या ग्रीक वीरांची आणि मागच्यांना ट्रॉयच्या बाजूच्या वीरांची नावं. नियम ठरण्याआधी नाव पडलेले ‘६२४ हेक्टर’ आणि ‘६१७ पॅट्रोक्लस’ मात्र एकमेकांच्या छावणीत अडकले आहेत, ते तसेच ठेवले.

या ट्रोजनांमध्ये आपल्या भागासाठी एक दार उघडं आहे. युद्धकथेतली नावं पुरेनात म्हणून २०१८ मध्ये ठरलं की निरपेक्ष प्रत १२ पेक्षा मंद असलेल्या लहान ट्रोजनांना ऑलिंपिक खेळाडूंची नावं देता येतील. (निरपेक्ष प्रत म्हणजे सगळे पिंड सारख्याच अंतरावर धरून काढलेली तेजस्विता. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका पिंड मंद, आणि साधारणपणे लहान.) युरिबेटिस या ट्रोजनाच्या चिमुकल्या उपग्रहाचं नाव ‘क्वेटा’ आहे, १९६८ मध्ये मेक्सिकोत ऑलिंपिकची ज्योत पेटवणाऱ्या पहिल्या महिला खेळाडूवरून. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीचं कांस्यपदक जिंकून आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. ‘खाशाबा’ रोमनमध्ये लिहा: के, एच, ए, एस, एच, ए, बी, ए. आठ अक्षरं, एक शब्द, उच्चाराला सोपं. प्रस्तावासाठी इतकं नेटकं नाव क्वचित मिळतं. एखाद्या तुकडीला कधी लहान ट्रोजन सापडला तर हे नाव तयार असू द्या. पट्ट्यातल्या लघुग्रहालाही ते चालेल, पण ट्रोजनाला जास्त शोभेल.

तुमच्या मुलांची पहिली पसंती कृष्णा आहे, आणि ती मला फार आवडली. फक्त नुसतं ‘कृष्णा’ लिहिलं तर देव की नदी हा प्रश्न उभा राहतो, आणि रोमनमध्ये ‘क्रि’ की ‘क्रु’ हा घोळ होतो. नकाशात ‘क्रि’ आहे, तेच ठेवा. वाईपासून हरिपूरच्या संगमापर्यंत काठावरची माणसं तिला कृष्णामाई म्हणतात. ‘कृष्णामाई’ रोमनमध्ये दहा अक्षरं. नदीच आहे हे स्पष्ट, आपल्या बोलीतलं, आणि दुसऱ्या कुठल्या नावाशी गोंधळ होण्याची शक्यता कमी. ठरवण्याआधी मायनर प्लॅनेट सेंटरच्या शोधपानावर आणि नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेच्या स्मॉल-बॉडी डेटाबेसमध्ये दोन्ही स्पेलिंगं टाकून पाहा. प्रस्ताव पाठवायच्या आठवड्यात पुन्हा पाहा, कारण दरम्यान नवी नावं येत राहतात.

नावासोबतचं टिपण हे प्रस्तावाचं अर्धं वजन. ते इंग्रजीत द्यायचं, दोन-चार ओळींचं. पुढे शंभर वर्षांनी कुणी यादी उघडली तर नावाचा अर्थ त्याला तिथेच कळेल, त्यामुळे त्यात वस्तुस्थिती हवी. मुलं पहिल्या मसुद्यात बहुधा असं लिहितील: ‘आमची पवित्र, जीवनदायिनी, थोर कृष्णामाई, जिच्या कृपेनं सारा परिसर सुजलाम सुफलाम झाला.’ भावना खरी आहे, पण परदेशातल्या वाचकाला यातून नदी कुठे आहे तेही कळत नाही. त्याऐवजी असं: ‘कृष्णा नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि वाई, कराड, सांगली या गावांवरून वाहत सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या काठचे मराठी लोक तिला कृष्णामाई, म्हणजे कृष्णा आई, म्हणतात.’ विशेषणं गेली, आणि ‘आई’ या एका शब्दात सगळी भावना आली. व्यक्तीचं टिपण असेल तर जन्म-मृत्यूची वर्षं, तिनं केलेलं नेमकं काम आणि ठिकाण एवढं पुरे.

पैसे मागणाऱ्या संकेतस्थळाचं पुन्हा सांगतो, कारण पालक फसतात. त्यांनी दिलेलं चौकटीतलं प्रमाणपत्र त्यांच्याच वहीत नोंदलेलं असतं. मायनर प्लॅनेट सेंटरच्या यादीत ते नाव कधीच उमटत नाही. पालिसांच्या काळात एकदा विक्री झाली म्हणून आज होते असं नाही.

आता शाळेसाठी काम. एक जाड वही किंवा फाइल करा आणि ती मुख्याध्यापकांच्या दप्तरात ठेवा, कुणा एका शिक्षकाच्या कपाटात नको. क्रमांक मिळेपर्यंत आठवीतली पोरं कॉलेजातून बाहेर पडलेली असतील, आणि तुमची बदलीही झालेली असू शकते. फाइलमध्ये हवं ते असं: प्रतिमासंचाचं नाव आणि तारीख, पाठवलेला अहवाल जसाच्या तसा छापून, तुकडीतल्या प्रत्येक मुलाचं नाव आणि टिकेल असा पत्ता, संकेतनाव, आणि ठरलेलं नाव त्याच्या टिपणासह. दरवर्षी शाळा सुरू झाली की नव्या तुकडीला ते संकेतनाव मायनर प्लॅनेट सेंटरच्या पानावर टाकायला सांगा आणि तीन गोष्टी वहीत उतरवून घ्या: किती प्रतियुती झाल्या, पहिल्यापासून शेवटच्या निरीक्षणापर्यंत किती काळ गेला, आणि अनिश्चिततेचा ‘यू’ हा आकडा किती. तो ९ कडे असेल तर कक्षा कच्ची, ० कडे सरकत असेल तर क्रमांक जवळ. पान उघडल्यावर तुमच्या संकेतनावाऐवजी दुसरंच संकेतनाव वर दिसलं, तर जुन्या नोंदीशी जोडणी झाली असं समजा आणि त्याच दिवशी मोहिमेच्या संयोजकांना पत्र लिहून श्रेय कुणाकडे आहे ते विचारा.